डाव्या कानावरची ओढणी

नांदेडात आमची पार्लरवाली बोलताना सारखी डाव्या कानावरची ओढणी पुढं ओढते. आठ वर्षं मी ती सवयच समजत होते. लेकीला लग्नात लांब वेणी हवी म्हणून तिच्याकडं एक्स्टेन्शनचे जोडकेस लावायला नेलं. वजन किती, किती महिने ठेवायचे, काढायचे कधी, मी सगळं विचारलं.

"ताई, तुम्ही समदं मोजून घेता. हे बी मोजा," म्हणत तिनं ओढणी सारली. कानाच्या वर केसच नव्हते. माझी चार बोटं तिथं मावली.

"म्या सोताला लई घट्ट लावले, सहा महिने काढलेच न्हाईत. माझे केस मुळासकट आले."

मग खुर्ची पुसून तिनं लेकीला विचारलं, "बसतीस का, बाई?"

लेक अजून माझ्या बोटांकडंच बघत होती.