बेंबीच्या वर एक इंच

आमच्या सर्जरी विभागाची वाटणी झाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. आधी आम्ही सगळेच पोटाचं सगळं करायचो. मग साहेब लोकांना शहाणपण सुचलं: पित्ताशय एका युनिटकडं, हर्निया दुसऱ्याकडं, आतडं तिसऱ्याकडं. भाऊबंदांच्या रानात बांध पडावेत तसे पेशंटच्या पोटावर पडले. पित्ताशय मला आलं. हर्नियावाला माझाच जुना मित्र. नवं थिएटर त्यानं पटकावलं, शेजारचं जुनं मला उरलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

गडमुडशिंगीच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, घरी चार म्हशी. पित्ताशयात खडे, शिवाय बेंबीला लिंबाएवढा हर्निया. दुर्बीण आम्ही बेंबीतूनच घालतो, म्हणजे वाट आयतीच होती. बाहेर येताना हर्नियाचं ते भोक शिवायला वीस मिनिटं पुरली असती. मी बेंबीच्या वर एक इंचावर नवं भोक पाडलं, पित्ताशय काढलं आणि हात धुतले. सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. मी नजरेला नजर दिली नाही.

घरी जाताना बाई म्हणाल्या, "डॉक्टर, गाठ तशीच हाय की."

"ते दुसऱ्या युनिटचं. तिकडं नंबर लावा."

त्यांचे मालक शांतपणे म्हणाले, "आमचा जनावराचा डॉक्टर बरा म्हणायचा. म्हशीचं फुडचं पाय एक, मागचं दुसरा, असं अजून न्हाई त्याच्यात."

नंबर लागायच्या आधीच एका दुपारी त्या हर्नियात आतडं अडकलं. कापायचं कुणी, हर्नियावाल्यांनी की आतडंवाल्यांनी, यावर तासभर फोनाफोनी चालली. तोवर वीतभर आतडं काळं पडलं. ते कापून टाकलं. बाई वाचल्या, पण म्हशी विकल्या, उचलणं-वाकणं संपलं.

वर्षाअखेरच्या बैठकीत विभागाची कामगिरी सुधारल्याचं सांगितलं गेलं. ऑपरेशनांच्या तक्त्यात बाई दोनदा होत्या, दोन्हीकडं यशस्वी. तक्ता मीच वाचला. वर पेढेही खाल्ले.

नियम आडवा आला, असं मी आजवर सांगत आलो. बायकोलाही तेच सांगितलं. पण नियमात साधी ओळ होती: दोन्ही आजार असतील तर युनिटप्रमुखांनी आपसात बोलून एकाच वेळी ऑपरेशन करावं. बाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या सकाळी तो हर्नियावाला मित्र भिंतीपलीकडंच होता. कुणाला तरी हसत काहीतरी सांगत होता, मला ऐकू येत होतं. त्याच्याशी बोलावं लागू नये म्हणून मी एक इंच वर गेलो.