पुतणी बँकेत हाय

शाळेचं आन माझं कधी जमलंच न्हाई. मास्तरनं एकदा इचारलं, बोर्डावर काय दिसायलंय? मी मनलो, खडू. त्या दिवसापासून खडू आत आन मी बाहेर. पण घसा दणकट, मनून लग्नात माईकवर पुकारायचं काम मिळालं. "बिलोलीचे पाव्हणे पुढं या, टोपी घालून घ्या!" असं वरडलो की जेवण फुकट.

माझ्या दादाची लेक युक्रेनला डाक्टरकी शिकायला गेली. मी आख्ख्या रेणापुरात सांगितलं, पोरगी क्रेनला गेली. लोकं मनले, डाक्टर व्हायचं सोडून यंत्र कामून चालवायली?

मग तिथं लढाई लागली. मी मनलो, मोठ्या शेजाऱ्यानं बांध कोरला असंल, पंच बसतील, मिटंल. मग टीव्ही बघितला. चार-चार मजली इमारत आन मधूनच फोडलेली, आतलं कपाट तसंच उभं, कपाटाला कपडे लटकलेले. आमच्याकडं बी बांधावरून डोकी फुटतेत हो. पण झोपलेल्या लोकाच्या घरावर असं कुणी करतंय?

दादा परत आणायच्या यादीत पोरीचं नाव द्यायला लातूरला कलेक्टर हापिसात पळाला. फोन वाजला की वैनी आधी देवापुढं पळायच्या, मनून फोन माझ्याजवळ. फोन आला. खरखर खरखर, आन त्याच्यात पोरीचा आवाज, "काका, आम्ही सगळ्या बंकरमध्ये आहोत. आईला सांगा, ठीक आहोत." आन कटला.

मी उडीच मारली. "वैनी, पोरगी बँकेत हाय!"

"बँकेत? ते कशाला?"

"अवो, बँकेसारखी जागा न्हाई! भिंती जाड, दाराला लोखंड, भायेर बंदूकवाला. आपल्या बँकेत मला आत घेत न्हाईत, तिथं बाँब कुठून शिरतोय?"

वैनीनं तवा कुठं अर्धी भाकर खाल्ली. देवणीला त्यांच्या भावाच्या पोरीचं लग्न व्हतं. त्या जाणार नव्हत्या. माझ्या बँकेच्या भरवशावर आल्या.

माईक माझ्याच हातात. पाव्हणे येऊन येऊन इचारायलेत, तुमच्या पोरीची काय खबर? मी मनलो, एकेकाला कुठं सांगत बसायचं. दिलं पुकारून. "मंडळी, आमची पुतणी लढाईच्या मुलखात हाय, पण फिकीर करू नका. ती बँकेत बसलेली हाय!"

मला वाटलं टाळ्या पडतील. एक बी पडली न्हाई. नवरदेवाकडचे एक गुरुजी गडबडीनं उठले, माझ्याजवळ आले आन कानाला लागून मनले, "अवो, बँक न्हाई, बंकर असंल. जमिनीखालचं तळघर. वरून बाँब पडायलेत मनून लेकरं खाली लपलेत."

गुरुजी बिचारे हळूच बोलले. पण माईक माझ्या तोंडापशीच, आन चालू. कान माझा, ऐकलं आख्ख्या मांडवानं.

बँडवाल्याचा हात तसाच वर राहिला. बायाच्या घोळक्यात वैनी उभ्या राहिल्या. मुठीत अक्षता व्हत्या, त्या बोटांतून गळायल्या. तिथूनच त्यांनी इचारलं, "भावजी, तळघराला दारं किती असतेत?"

मला ठाव नव्हतं. गुरुजीला बी नव्हतं. मी माईक खाली ठेवला. मला एक बी इनोद आठवला न्हाई.

त्याच्यानंतर फोन लागंचना. वैनी चुलीपुढं बसायच्या, पण चूल पेटवायच्या न्हाईत. दादा लातूरहून हात हलवीत आला. मग एका दुपारी माझ्याच हातात फोन वाजला. तीच खरखर. "काका... आले... रुमात आले मी..."

माझं डोकंच फिरलं. "रुमात? अगं येडे, रुमात कामून गेलीस? भायेर नीघ! वरून बाँब पडायलेत, तळघरातच थांबायचं ना!" आन कटला.

दादानं डोकं धरून खाली बसकण मारली. वैनी मातर सरळ माझ्यापुढं आल्या.

"नेमकं काय ऐकलं?"

"रुमात आले, मनली."

"तवा तुम्ही बँक ऐकली व्हती."

"हाव."

"मग आता रूम बी नसंल."

आन त्या फोनपशी बसल्या. दादा बी डोकं वर काढून बसला. माझ्या कानावर कुणाचा इश्वास न्हाई, ह्याच्यावर त्या येळी आमचं घर तगलं. मी बी मनात मनलो, देवा, मला ठार बहिरा निघू दे.

परत वाजला. "तुम्ही लांब सरका," वैनी मनल्या आन सोताच उचलला. लाऊड करून.

"आई, रोमानिया! रोमानियात आहे मी!"

"ते कुठं हाय?"

"दुसरा देश आहे गं. बॉर्डर ओलांडली आम्ही."

"तिथं लढाई हाय का?"

"नाही गं. आणि काका काय ओरडत होते मघाशी?"

मी तोंड उघडलं. दादा मनला, "तू गप. तू बोललास तर तिथं बी लढाई लागंल."

पोरीनं सांगितलं, एका शाळेत झोपायला दिलंय, गादी हाय, एका बाईनं गरम सूप पाजलंय. वैनी मनल्या, "त्या बाईला फोन दे."

"आई, तिला मराठी कुठं येतंय?"

"दे मनते ना."

बाई फोनवर आली. वैनी मनल्या, "बाई, लेकरू थकलंय माझं. केस इंचरून द्या तिचे. लई गुंता झाला असंल." तिकडून ती बाई तिच्या भाषेत कायबाय बोलली, लई येळ. वैनी मान हलवीत राहिल्या, डोळे पुशीत राहिल्या. "हाव," मनल्या. "हाव बाई."

बाई काय बोलली, मला एक अक्षर कळलं न्हाई. मी वैनीला इचारलं बी न्हाई.