वार्निश मारलेलं घोडदळ

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं वर्ध्यात रंगाचं दुकान चालवलं आणि एकाही गिऱ्हाइकाला रंगात वाजवीपेक्षा जास्त पाणी टाकू दिलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो वैताग आहे त्यातला निम्मा या पाण्याचा आहे.

मी माणसं रंगवतो. तीन-साडेतीन सेंटिमीटर उंचीची. नागपूरला माझा एक कॉलेजातला मित्र आहे, त्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. तो शिपाई, घोडे, तोफा छापून डब्यातून पाठवतो आणि मी वर्ध्याला लागूनच बोरगाव मेघेला, आमच्या घरी, पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल टाकून ते रंगवतो. मग त्या फौजा समोरासमोर मांडून, फासे टाकून आम्ही लढाई खेळतो. म्हणजे खेळणं वर्षातून दोनदा आणि रंगवणं वर्षभर. माझं वय सत्तेचाळीस आहे, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. हा माझा छंद आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "विकता का?" विकत नाही म्हटलं की त्यांना माझी काळजी वाटू लागते.

बाबांनी तेवढंही कधी विचारलं नाही. मला मात्र त्यांच्याकडून एक गोष्ट हवी होती, आणि ती हवी असण्याची मला लाज वाटायची. ज्या माणसाला दुसऱ्याच्या घराची भिंत बघून किती हात मारलेत आणि कारागिराने कुठे चोरी केली हे सांगता यायचं, त्याने माझा एखादा घोडा हातात घ्यावा आणि म्हणावं, काम जमलं. तीन वर्षं मी रंगवत होतो आणि तीन वर्षांत ते झालं नव्हतं.

बाबा रोज संध्याकाळी चहा पिऊन माझ्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसत. मग हात लांबवून एखादा शिपाई उचलत, तोही डोक्याला धरून. मी प्रत्येक शिपाई बाटलीच्या झाकणावर चिकटवून ठेवायचो, तो याचसाठी की झाकणाला धरावं आणि रंगाला बोट लागू नये. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. ते डोक्यालाच धरत, नाकापर्यंत नेत, मग हात लांब करत, मग पुन्हा नाकापर्यंत.

"हा कोन?"

"बारगीर."

"आन हा?"

"हाही बारगीर, बाबा. कालच सांगतलं."

"बरं," म्हणून ते त्याला आडवा ठेवून देत. उभा नाही, आडवा. भाल्याचं टोक वाकायचं. मी ते चिमट्याने सरळ करायचो आणि पुढचा अर्धा तास माझं डोकं तापलेलं राहायचं.

एकदा मित्राने मराठी शिपायांबरोबर त्याच्या दुसऱ्या एका खेळातले आठ राक्षस पाठवले होते. शिंगं, सुळे, हातात गदा. शिंगांच्या टोकांना मी तीन छटा दिल्या होत्या. बाबांनी एक उचलला आणि विचारलं, "हे माकडं कायले आनले?" मला वाटलं, थट्टा करताहेत. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

आणि मग ते पाणी. या कामात रंग पातळच लावावा लागतो. जाड लावला की नाक, मिशा, पगडीच्या घड्या सगळं बुजून जातं. म्हणून ब्रशच्या टोकावर थेंबभर पाणी घ्यायचं, रंगात मिसळायचं आणि एकावर एक सहा हात द्यायचे. पाण्याच्या कपाला ब्रश लागून टिंग असा आवाज झाला की बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं.

"पाणी टाकून राह्यला तू त्यात."

"टाका लागते, बाबा."

"एका हातात बसत नसन तर रंगच खराब हाय."

हे मी तीन वर्षं ऐकलं. रोज. कधी कधी एका संध्याकाळी चारदा.

एकच उपकार त्यांचा मान्य करतो. शिपाई ज्या गोल चकतीवर उभा असतो तिच्यावर खरी जमीन करावी असं माझ्या डोक्यात आलं, आणि आपल्याकडची जमीन म्हणजे काळी. माझी सासुरवाडी वडनेरची. तिथल्या शेतातून मी पिशवीभर माती आणली. सासऱ्यांनी फक्त "माती? कायले?" एवढं विचारलं आणि उत्तर ऐकून बैल सोडायला निघून गेले. घरी मी ती माती चहाच्या गाळणीने गाळली, त्यावरून बायकोने जे ऐकवलं ते वेगळंच. फेव्हिकॉलमध्ये कालवून बारा चकत्यांवर माती लावली. सकाळी पाहतो तर बाराही चकत्यांना भेगा. उन्हाळ्यात शेताला पडतात अगदी तशाच, एका घोड्याचा तर मागचा पाय भेगेत लटकत होता. काळी माती वाळली की आकसते हे वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला सांगायला नको. पण मला ते आठवलं नाही.

बाबांनी चकतीवरून अंगठा फिरवला. "भेगा पडतीनच. भितीची पुट्टी मिसळ त्यात, अर्धी-अर्धी."

मिसळली. एकही भेग पडली नाही. वर पवनारहून आणलेली धाम नदीची वाळू चिमूटभर टाकली, जुन्या ब्रशचे केस कापून त्यांचं वाळलेलं गवत केलं आणि जमीन इतकी खरी दिसायला लागली की मी स्वतःच बघत बसलो. बाबा मात्र आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला पुट्टीची गोष्ट सांगत होते. शिपायांबद्दल अवाक्षर नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या पुढच्या रविवारी नागपूरला आमच्यासारख्या सात-आठ वेड्यांचा मेळा ठरला होता. माझं चोवीस स्वारांचं घोडदळ तयार होतं. दीड वर्षाचं काम. फक्त शेवटचा हात राहिला होता, मॅट वार्निशचा. हे वार्निश रंगाला धरून ठेवतं आणि त्याची चकाकी मारतं. चकाकी नको असते, कारण एवढासा माणूस चकाकला की तो माणूस राहत नाही, जत्रेतलं खेळणं होतो. माझ्याकडे ते वार्निश फवाऱ्याच्या डब्यात होतं आणि दमट हवेत फवारलं की अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. श्रावण संपत आला तरी झड थांबत नव्हती. म्हणून मी कोरड्या दिवसाची वाट बघत थांबलो होतो.

पोळ्याच्या दोन दिवस आधी ऑफिसातून घरी आलो तर दारातच वार्निशचा वास. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. आमच्या घरात मिरवायला आता पोर नाही, पण माझ्या लहानपणचा लाकडी बैल माळ्यावर आहे आणि बाबा दरवर्षी तो उतरवून त्याला वार्निशचा एक हात देतातच. तो बैल पेपरवर चकाकत उभा होता. त्याच्या शेजारी माझं घोडदळही चकाकत उभं होतं. चोवीसच्या चोवीस.

"बाबा, हे काऊन केलं तुमी?"

"कोरडे पडले होते तुये घोडे," बाबा म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की मी खूश होईन. "पोळ्याले कोरडा ठेवत नाई. हात मारून देला."

"हे बैल नाई हायेत!"

"घोडे त घोडे. टिकतीन आता."

मी एक घोडा उचलला. पोटाखाली वार्निशचा थेंब लटकून तिथेच सुकला होता. दुसऱ्याच्या मानेत डबकं साचलं होतं. एकाची मिशी वार्निशमध्ये बुडाली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरच्या माणसाला सर्वात जास्त लागेल असं काय बोलावं हे अशा वेळी बरोबर सुचतं.

"चाळीस वर्सं लोकायले शिकवलं ना तुमी, ब्रश कसा ओढा लागते? आपले ओघळ पाहा."

बाबांनी बोटाने घोड्याचं पोट चाचपलं. थेंब लागला असणार. ते उठले, ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवला, हात पुसले आणि आत गेले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आता बोलू नका काई, जेवून घ्या," एवढंच ती म्हणाली. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

पोळा झाला, तान्हा पोळा झाला, आम्ही बोललो नाही. बायकोने सांगितलं, "तुमी ऑफिसात गेले का बाबा तुमचे घोडे घेऊन खिडकीपाशी बसून राह्यतात दिवसभर." मला वाटलं, स्वतःची कारागिरी न्याहाळत असतील. त्याने मी आणखीच चिडलो.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, घाबरू नको, चकाकणाऱ्या वार्निशवर मॅट बसतं, फवारू नको, डब्यातलं झाकणात काढ आणि ब्रशने लाव. शनिवारी सुट्टी होती. सकाळपासून बसलो. लटकलेले थेंब पात्याने खरवडले, मानेतली डबकी जमली तेवढी काढली, त्या जागा पुन्हा रंगवल्या आणि एकेका स्वाराला मॅटचा हात दिला. संध्याकाळपर्यंत चकाकी गेली. कापड कापडासारखं, घोडा घोड्यासारखा दिसायला लागला. मी इतका दमलो होतो की बाबा शेजारी येऊन बसले तेही मला कळलं नाही.

त्यांनी एक स्वार उचलला. डोक्यालाच धरून. नाकापर्यंत नेला, खिडकीकडे केला, तिरपा केला, पुन्हा सरळ केला.

"गेले का?"

"कोन गेले?"

"दोन-तीन दिवस दिसत होते मले." बाबा हळूच म्हणाले. "उजेड लागला का मान चमके, भाला चमके. मले समजे का हा घोडा, हा मानूस. आता परत ढेकूळ झालं."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. माकडं आठवली. रोजचं हा कोन, हा कोन आठवलं. कप वाजल्याशिवाय त्यांनी पाण्यावरून मला कधीच टोकलं नव्हतं, तेही आठवलं. मग ओघळ.

"किती दिवसापासून हाय हे?"

"दोन-तीन वर्सं झाले असतीन."

"मंग सांगतलं काऊन नाई?" माझा आवाज पुन्हा चढला. शरमेने चढला, पण चढला.

"काय सांगू? रंगाच्या दुकानदाराले रंग दिसत नाई म्हनून सांगू?"

रविवारी मी नागपूरला गेलो. घोडदळाचं कौतुक झालं, सात जणांनी मोबाइलवर फोटो काढले. माझं लक्ष नव्हतं. सोमवारी रजा टाकून बाबांना डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले आणि बाबांना सोडून मलाच झापलं. इतका पिकलेला मोतीबिंदू, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी काय सांगणार होतो? की मी रोज संध्याकाळी याच माणसाच्या शेजारी भिंगाचा दिवा लावून बसत होतो आणि एवढ्याशा शिपायाच्या डोळ्यात बुबुळ काढत होतो?

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुढे तीन आठवडे काळा चष्मा, थेंब आणि बाबांच्या तक्रारी. चष्मा निघाला त्या संध्याकाळी चहा पिऊन ते आले आणि खुर्चीत बसले. मी चोवीस स्वार टेबलावर मांडून ठेवले होते, सहज मांडल्यासारखे. त्यांनी पहिला उचलला, या वेळी खालच्या चकतीला धरून. बघितला, फिरवला, उभा ठेवला. मग दुसरा. मी एका शिपायाचा जोडा रंगवत होतो, म्हणजे कोरडा ब्रश त्या जोड्यावरून फिरवत होतो. अर्धा तास तरी गेला असेल.

"याले एकच डोळा हाय," बाबा म्हणाले.

"कोनाले?"

"घोड्याले. या अंगाले डोळा देलाच नाई तू."

मी भिंग घेतलं. खरंच, उजव्या बाजूला डोळ्याच्या जागी नुसता तपकिरी रंग होता. दीड वर्ष तो घोडा माझ्यासमोर होता. नागपुरात सात जणांनी त्याचे फोटो काढले होते.

"आन बाकीचे?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"बाकी काम जमलं," ते म्हणाले, आणि लगेच, "पुट्टीनं जमीन चांगली धरली. तो डोळा देऊन दे पयले."

मी काळ्या रंगाची बाटली उघडली. त्या दिवशी वाद नको होता, म्हणून ब्रशचं टोक कपातल्या पाण्याला नुसतं टेकवलं आणि काठाला न लावता अलगद वर घेतलं.

"टाकलंच ना पाणी," बाबा म्हणाले.

कप वाजला नव्हता.