पोटॅशच्या पाच गोण्या

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कारभारींनी एकतीस वर्षं मशीन सांभाळलं. धाकटा भाऊ चंदर त्यांच्याच शेततळ्यात घसरून पडला, तेव्हा तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या निसरड्या कागदावर कोणाचाच पाय ठरेना. प्रेत दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. तेव्हापासून कारभारींनी एकच ध्यास घेतला : तळाशी जाऊन माणूस शोधता येईल असं यंत्र. वाइनरीच्या भंगारातली पाचशे लिटरची स्टीलची टाकी, ई-रिक्षाच्या बॅटऱ्या, झाकणाला कोल्ड स्टोरेजच्या दाराचं रबर.

"म्हातारपणी लोक काशीला जातात, तुम्ही टाकीत जा," भागीबाई नवऱ्याला म्हणायच्या.

"तुझीबी जागा धरून ठेवतो, भागे."

टाकी बुडेना. दगड भरले, तर ते गडगडत बॅटऱ्यांवर जात. जेवण निवत चाललेलं, भागीबाई वैतागल्या. "अहो, शेडात पोटॅशच्या गोण्या हायेत की! द्राक्षाला घालायला अजून महिना हाय."

"मशीन मी चालवलं, अन् डोकं तुझं!" कारभारी हसले. पाच गोण्या आत गेल्या.

कोल्ड स्टोरेजमध्ये अडकलेल्या माणसासाठी घंटा असते, तशीच त्यांनी काठावर बसवली, बटण टाकीत. दर दोन मिनिटांनी एकदा वाजली तर ठीक, सलग वाजली तर टाकी दोराने बाहेर ओढायची. दोर ट्रॅक्टरला बांधला, ट्रॅक्टरवर शेजारचा फकिरा होता.

चार दिवसांनी, सकाळी दहा चाळीसला, कारभारींना घेऊन टाकी त्याच शेततळ्यात पाण्याखाली गेली. घंटा दोनदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली ती थांबेचना.

"फकिरा, वढ! वढ रे!" काठावरून भागीबाई ओरडल्या.

टाकी कागदावर चढे आणि परत घसरे. सातव्या मिनिटाला घंटा थांबली. अकराव्या मिनिटाला टाकी काठावर आली. झाकण उघडताच ब्लीचिंग पावडरसारखा भपकारा आला.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भागीबाईंना सांगितलं, "पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. पाणी झिरपलं, गोण्या भिजल्या, ते खारट पाणी बॅटऱ्यांना लागलं. त्यातून विषारी वायू निघाला. दगड असते तर बहुधा ही वेळ आली नसती."

तीन दिवस कारभारी भागीबाईंच्या तळहातावर अंगठा दाबत राहिले, सलग. मग अंगठा सैल पडला.

तेराव्याला लेक हर्षालीने विचारलं, "आई, पोटॅश भरायचं अण्णांना सुचलं तरी कसं गं?"

"सुचलं आसंल. मशीनवाला माणूस."

दुसऱ्या दिवशी भागीबाईंनी शेडातल्या उरलेल्या दोन गोण्या एकटीने ओढत नेल्या आणि द्राक्षाच्या बुंध्यांशी रिकाम्या केल्या. महिना भरायला अजून दहा दिवस होते.