बंद फ्लॅटमधली गळती

फ्लॅट विकला की त्याचे किस्सेही संपतील, असं मला वाटलं होतं. कसलं काय. जळगाव सुटल्यापासून ते जास्तच साठायला लागलेत. धुळ्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्या सोसायटीचं पुढे काय झालं?" भाजी कुणाची कशीही असो, माझ्या सोसायटीसोबत पोळी बरी जाते म्हणतात.

आधी मामला सांगते. जळगावला आमची बारा फ्लॅटची सोसायटी. जागा भाडेपट्ट्याची, त्यामुळे नाव बदलायचं तर कागद फार. चौदा वर्षं आम्ही नऊ नंबरात राहिलो, मग माझी धुळ्याला बदली झाली. मे महिन्यात फ्लॅट रिकामा केला आणि दिवाळीत भुसावळच्या सलीमभाईंना विकला. ते सुतारकाम करतात. नंतर वर्षभरानं सोसायटीनं मला अडतीस हजारांचं बिल पाठवलं. तुमच्या बाथरूममधून खाली सहा नंबरात, नानांच्या स्वयंपाकघरात गळती होती, ती विकण्याआधीच्या ऑगस्टात दुरुस्त केली, म्हणे.

ते बिल माझ्या हातात पडलं तोच एक किस्सा.

आमचे सेक्रेटरी विजूभाऊ. केळीच्या गाड्या भरून दिल्लीला पाठवतात, माणूस दिलदार, पण लिहायचा कंटाळा. पाकिटावर त्यांनी फक्त 'मॅडम' आणि शाळेचा पत्ता लिहिला होता. आमच्या शाळेत अकरा मॅडम! मग क्लार्क अप्पांनीच ते फोडलं. आत 'बाथरूम गळती दुरुस्ती, काम पूर्ण' असं वाचून अप्पांचे डोळे भरून यायचे बाकी होते, कारण शाळेचं बाथरूम सात वर्षांपासून गळतंय. त्यांनी धावत जाऊन नळ सोडून पाहिला आणि भिजून परत आले.

"मॅडम," ते म्हणाले, "कंत्राटदारानं फसवलं आपल्याला."

मी त्याच संध्याकाळी विजूभाऊंना फोन लावला. "भाऊ, मे महिन्यात आम्ही घर सोडलं. जाताना नळाचा कॉक बंद केला, चावी तुमच्या हातात दिली. ऑगस्टात बंद फ्लॅटमधून पाणी गळलं कुठून?"

विजूभाऊंनी विचार केला.

"मॅडम, आधीचं साठेल असंल."

मी फोन ठेवला. आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी तो खालीसुद्धा केला नाही. "भरून टाक," म्हणाले. त्यांना कुठलीही गोष्ट सांगा, भरून टाक म्हणतात. मला असल्या सल्ल्याचा फार राग येतो.

राग आला की माझा हात लाल पेनाकडे जातो, इलाज नाही. बिलात शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या. 'दुरुस्ती'चं 'दुरूस्ति', 'गळती'चं 'गळति', आणि माझ्या आडनावाचं तर काय केलं होतं ते सांगत नाही. सगळ्यांना गोल करून, खाली 'पुन्हा लिहून आणणे' असा शेरा मारून मी ते परत पाठवलं. म्हटलं, आता तरी लाजतील.

आठ दिवसांत बिल परत आलं. सुरेख अक्षरात, एकही चूक नाही, समास सोडून लिहिलेलं. रक्कम तीच, अडतीस हजार. सोबत चिठ्ठी होती, 'मॅडम, शाळेत असतो तर मार खाल्ला असता. चुका सुधारल्या आहेत. बाकी तुम्ही तपासून दिलंच आहे, तर आता भरणा करावा.'

आमच्या ह्यांनी या वेळी मात्र पेपर खाली घेतला आणि पोटभर हसून घेतलं.

पैशांपेक्षा मला सलीमभाईंची काळजी होती. हे बिल मिटल्याशिवाय सोसायटी 'येणे बाकी नाही' असा दाखला देईना, आणि तो दाखला नाही तर त्यांचं नाव सोसायटीच्या दप्तरी लागेना. माणसानं जन्म भाड्याच्या खोलीत काढलेला. पुंजी होती तेवढी घरात घातली. सागाच्या लाकडाची नावाची पाटी स्वतः कोरून ठेवली होती, ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर पडून होती. रविवारी त्यांचा फोन यायचा. तक्रार कधी केली नाही.

"अब्बा रोज खाली जाऊन बोर्ड बघतात, मॅडम. नऊ नंबरापुढे अजून तुमचंच नाव आहे. विचारतात, सलीम, आपण इथं पाहुणे आहोत काय?"

मला रात्री जेवण जाईना. नाव लावून देईन, असा शब्द मी दिला होता.

मग मी संमतीचा कागद मागितला. खर्च करायचा तर सभासदांच्या सह्या लागतात. विजूभाऊंनी अभिमानानं झेरॉक्स पाठवली. खरंच, एक सोडून सगळ्यांच्या सह्या होत्या, माझीसुद्धा. अक्षर माझंच. सहीपुढे मी लिहिलं होतं, 'दोन. तिखट कमी.'

मला पाच मिनिटं कळेना. मग पेटला दिवा. तो आम्ही जळगाव सोडण्याआधीच्या डिसेंबरातल्या भरीत पार्टीचा कागद होता! आमच्याकडे थंडीत गच्चीवर भरीत-पुरी होते, तेव्हा कुणाकडची किती पानं ते लिहून घेतात. वरचं शीर्षक दुमडून झेरॉक्स काढलेली. दहा नंबरच्या काकूंनी 'एकादशी आहे' म्हणून सही केली नव्हती, तर सोबतच्या ठरावात 'एका सभासदाचा विरोध नोंदवला' असं होतं.

आणि अडतीस हजार कसे झाले? खर्च एकोणीस हजारच, पण माझ्या नावावर दोनदा लावला होता. कारण मी 'दोन' लिहिलं होतं.

"भाऊ," मी म्हटलं, "आणि तिखटाचं काय?"

"मॅडम, तुम्ही बैठकीलेच या," विजूभाऊ म्हणाले.

बैठक नानांच्या स्वयंपाकघरात ठेवली, म्हणजे गळती सगळ्यांना दिसेल. नाना रेल्वेतून निवृत्त. पत्नी अक्का गेल्यापासून एकटेच असतात, मुलगा पुण्याला. सहा वर्षं दर महिन्याला त्यांचा अर्ज यायचा, छताला ओल आली, येऊन पाहावे. मी खाली जायची, मान वर करून डाग बघायची, नाना चहा टाकायचे, आणि तासभर भुसावळ यार्डातल्या गोष्टी चालायच्या. आम्ही गेल्यावर अर्ज आठवड्याला एक यायला लागला. म्हणून तर विजूभाऊंनी घाबरून पूर्ण छत नवं करून घेतलं.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. नव्या प्लास्टरवर ताटलीएवढा पिवळा डाग होताच.

"बघा," विजूभाऊ म्हणाले, "एवढे पैसे घालूनही गळतंय."

सलीमभाईंनी स्टूल ओढलं, वर चढले, डागावरून बोट फिरवलं. मग भिंतीवरून छताकडे चाललेली मुंग्यांची रांग त्यांनी नजरेनं खालपासून वरपर्यंत मोजली.

"पाण्याला मुंग्या लागत नाहीत, भाऊ," ते हळूच म्हणाले. "यात साखर आहे. हा चहा आहे."

नाना हातातल्या चहाच्या बशीच्या कडेकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि हसूही आवरेना. विजूभाऊंनी बिलाची घडी घालून खिशात टाकली, तिथंच ओट्यावर वही ठेवून दाखला लिहिला, आणि नऊ नंबरापुढे सलीमभाईंचं नाव घातलं. सलीमभाईंनी दाखला दोन्ही हातांनी घेतला.

ते दाराशी पोचले तेव्हा नाना उठले. घसा साफ केला.

"सलीमभाऊ," ते म्हणाले, "आते तुम्हना बाथरूमनं बी पानी गळस बरं का. उद्या येश्यात ना पाहाले?"