पाहूनबाईंचा समुद्र

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आकृती तपासताना आधी तिचा उजवीकडचा खालचा कोपरा पाहत. तिथे दोनपैकी एक शब्द लिहिलेला असणे सक्तीचे होते: ‘पाहून’ किंवा ‘पुस्तकावरून’. रेषा स्वच्छ असोत, नावे अचूक असोत, कोपरा रिकामा असेल तर वही परत येई. जास्वंदीचा छेद ‘पाहून’ काढायचा, कारण शाळेच्या कुंपणाला जास्वंद होती. अमीबा ‘पुस्तकावरून’, कारण आमच्या सूक्ष्मदर्शकाचे भिंग तडकलेले होते. एकदा एका मुलीने मानवी हृदयाच्या आकृतीखाली ‘पाहून’ असे ठोकून दिले. बाईंनी वही उंच धरून शांतपणे विचारले, “कुणाचं पाहिलंस?” त्या दिवसापासून आम्ही त्यांना पाहूनबाई म्हणू लागलो. त्यांना ते ठाऊक होते आणि आवडतही असावे.

वर्गात बाई पाठ्यपुस्तकासारखे मराठी बोलत. “शुंडकांचे कार्य स्पष्ट करा” असे म्हणणाऱ्या या बाई घंटा होऊन उंबरठ्याबाहेर पडल्या, की त्याच श्वासात म्हणत, “काहून वो, डब्बा तसाच वापस नेऊन राहिली का?” उंबरठ्याच्या आत प्रमाणभाषा, बाहेर वऱ्हाडी; दोन्हींची सरमिसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही. दोन्हींत त्या सारख्याच फटकळ होत्या.

प्रवाळाची आकृती बाई फळ्यावर एका दमात काढत. मधोमध मुख, त्याभोवती शुंडकांचे, म्हणजे बारीक सोंडांचे, वर्तुळ, खाली चुनखडीचे घरटे. काढून झाली की हात झटकून स्वतःच कोपऱ्यात लिहीत, ‘पुस्तकावरून’. प्रयोगशाळेतल्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बरणीत प्रवाळाच्याच कुळातले एक समुद्रफूल होते. सुकलेल्या अंजिरासारखे, तपकिरी, आक्रसलेले. ते पाहून आकृती काढू का, असे मी विचारले होते. बाई म्हणाल्या, “हे समुद्रफूल नव्हे. हे त्याचे प्रेत आहे. प्रेत पाहून माणसाचे हसणे काढता येईल का?”

शाळा सुटली, मी रसायनशास्त्राकडे वळले आणि पुढे अमरावतीला पाण्याच्या रसायनावर संशोधन करू लागले. दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला घरी येत असे. अशाच एका शनिवारी निवृत्त बाईंचा फोन आला. “तुले पाण्याचं कळते ना? ये मंग.”

जठारपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवाण जिथे असायचा, तिथे काचेची रिकामी टाकी होती. दिवाण स्वयंपाकघरात गेला होता आणि बाई आता ओट्याशेजारी झोपत. मला बसायला सांगून त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टरांनी सांगितले होते की हा प्रकार थांबवण्याजोगा नाही. “भाकरीच्या मधात भोक पडावं तसं हाये. जिकडं पाह्यलं, तिकडंच काही नाही. आजूबाजूचं सारं दिसते. अन् भोक मोठं होऊन राहिलं.” मग टाकीवर हात ठेवून म्हणाल्या, “सारी जिनगानी प्रवाळ पुस्तकावरून काढला. भोक मोठं व्हायच्या आत एक मले पाहून काढाचा हाये.”

मी विचारले, त्यापेक्षा समुद्रावरच का जात नाही?

“या गुडघ्याईनं पाण्यात उतरू? तोंडात नळी धरू? अन् एका दिवसात काय दिसते मले? रोज बसावं लागते तवा कुठं एक रेघ समजते. समुद्र मले घरातच पाह्यजे.”

मी अडचणी सांगायला सुरुवात केली. प्रवाळाला लागणारे तापमान आणि अकोल्याचा मे महिना यांचा काही संबंध नाही. वीज जाते. समुद्र शेकडो कोस दूर आहे. इतक्या छोट्या टाकीत रसायनांचा तोल जरा ढळला तरी सावरायला वाव नसतो. बाईंनी सगळे ऐकून घेतले. “झालं तुह्यं? आता सांग, सुरुवात कुठून कराची?”

सुरुवात त्यांनी स्वतःच केली आणि ती चूक खारपाणपट्ट्यात जन्मलेले माणूसच करू जाणे. त्यांचे गाव पूर्णेच्या काठी. तिथल्या विहिरींचे पाणी इतके खारे, की त्यात तुरीची डाळ शिजत नाही. डाळीपुरते गोडे पाणी बायका दुरून आणत. बाईंनी गावाहून जीपमधून त्या विहिरीच्या पाण्याच्या कॅन मागवल्या. “ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते समुद्राचंच भाऊबंद. थोडं मीठ कमी पडन, तेवढं वरून टाकू.” खारेपणा म्हणजे केवळ मीठ नव्हे, त्या पाण्यात बायकार्बोनेट भरमसाट आहे, हे मी सांगून पाहिले. “तुमा केमिस्ट्रीवाल्याईले पाण्यात पाणी सोडून सारं दिसते,” त्या म्हणाल्या. “मी याच पाण्यावर वाढली. मले काही झालं का?”

समुद्री मिठाचे पाकीट ओतताच व्हायचे ते झाले. मिठातले कॅल्शियम विहिरीच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटला भेटले, चुना खाली बसू लागला आणि बघता बघता टाकीभर पांढरे गढूळ पाणी झाले. खालच्या मजल्यावरच्या नफीसाआपा कौतुकाने पाहायला आल्या होत्या. त्यांनी ओढणी सावरत काचेला नाक लावले. “टीचर, ये तो छाछ हो गया. जिरा डालूं क्या?”

बाईंनी काचेवरून बोट फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, “आमच्या गावचं पाणी मानी हाये. दुसऱ्याचं मीठ घेत नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने शुद्ध पाण्याच्या कॅन मागवल्या. विहिरीच्या पाण्याची एक कॅन मात्र ठेवून घेतली. ते पाणी बाई तुळशीला घालत आणि तुळस कोमेजली की उन्हाला दोष देत.

पुढचे काही महिने टाकीत खारे पाणी, सच्छिद्र दगड आणि एक घुमणारा पंप, एवढेच होते. दगडांवर उपयुक्त जिवाणू वाढल्याशिवाय त्यात काही सोडता येत नाही. मी शनिवारी येऊन अमोनिया तपासायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. नफीसाआपा जिन्यातूनच विचारत, “कितने महिनों से पत्थर पका रहे हो टीचर? मटन होता तो कबका गल जाता!” बाई वरून ओरडत, “तुमच्या मटनाले शिट्ट्या असते आपा, माह्या समुद्राले नाही!” मासे तरी आणा, मुले येऊन पाहतील, असे आपांनी सुचवले. बाईंनी साफ नकार दिला. मासे सगळेच पाहतात, असे त्यांचे म्हणणे. दगडी प्रवाळालाही त्यांनी मनाई केली: त्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि आपल्या डोळ्यांसाठी आपण समुद्राची चोरी करायची नाही. शेवटी एका जाणकार विक्रेत्याकडून मऊ प्रवाळांची एक लहानशी वसाहत आली. अंगठ्याएवढ्या दगडावर मिटलेल्या बटणांसारखे काही जीव.

ते मिटलेलेच राहिले. मी क्षारता तपासली, प्रकाश कमी केला, प्रवाहाची दिशा बदलली. माझ्या मोजमापांत कुठेही दोष नव्हता आणि तरीही ते उघडत नव्हते. बाई रोज टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. मग एका सकाळी फोन आला. बाई कुजबुजत होत्या, जणू मोठ्याने बोलले तर ते मिटतील. “उघडलं वो.”

मी पोचले तेव्हा बाई टाकीकडे पाहत नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. क्षणभर वाटले, सगळे संपले. पण त्या म्हणाल्या, “सरळ पाह्यलं की नाहीसं होते. कॅलेंडरकडं पाह्यलं की कडंनं येते. हिरवं हाये ना? अन् काठाले केशरी?” तसेच होते. नखाएवढी हिरवी तबकडी, कडेला केशरी शुंडकांची झालर, आणि पंपाच्या लाटेवर ती झालर एकाच वेळी कलत होती. मी तिचे निरीक्षण अर्ध्या मिनिटात संपवले. बाई दुपारपर्यंत कॅलेंडरकडे पाहत बसल्या.

त्यांनी कॅलेंडरचेच जुने पान उलटे करून पेन्सिल घेतली. रोज थोडे थोडे काढत. कडेने दिसलेले एक शुंडक, मग दुसरे. फळ्यावर एका दमात वर्तुळ काढणाऱ्या हाताला आता एकेक रेघ चाचपडावी लागत होती. वर्तुळ पुरे झाले, पण मधली जागा कोरी राहिली. तिथे मुख असते. ते पाहायला गेले की डोळ्यातले भोक नेमके त्यावर येई. मान वाकडी करून, आरसा धरून, एक डोळा झाकून सगळे करून झाले.

“मुख मधोमध आडव्या फटीसारखं आहे, बाई,” मी म्हणाले. “मी सांगते तसं काढा.”

“मंग कोपऱ्यात काय लिहू? ‘पोरीवरून’?”

कोपरा रिकामाच राहिला. मुख दिसल्याशिवाय त्या तिथे काही लिहिणार नव्हत्या. एक दिवस दिसेल, असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. मी डोळ्यांच्या त्या आजाराबद्दल जेवढे वाचता आले तेवढे वाचले होते. त्यात तसे कुठेच लिहिलेले नव्हते.

मग उन्हाळा आला. कूलर, टाकीवर पंखा, खिडकीला ओले पोते. तरी पाणी तापत होते. बाई पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत तरंगत ठेवू लागल्या. त्यांच्या छोट्या फ्रीजमध्ये मावेनात, तेव्हा नफीसाआपांनी आपल्या फ्रीजचा कप्पा दिला. मग शेजारच्यांनी दिला, मग वरच्यांनी. मे महिन्यात त्या इमारतीत कुणाकडेही सरबताला बर्फ मिळत नसे. पाहुण्यांना सरळ सांगितले जाई, “बर्फ नाही, बाईंच्या समुद्राला लागतो.” मुले जिन्यातून गोठलेल्या बाटल्या घेऊन धावत. नफीसाआपा कुरकुरत, “मेरे घर में रूहअफ़ज़ा गरम पी रहे लोगां,” आणि दुसऱ्या हाताने बाटली पुढे करत.

ज्या दिवशी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला, त्या दिवशी मी तिथेच होते. सकाळी वीज गेली. पंप बॅटरीवर चालू केला, बाटल्या सोडल्या. दुपारी कळले की नवा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळशिवाय येत नाही. तोवर सगळ्या घरांतले फ्रीज बंद पडले होते आणि प्रत्येक दारातून येणारी बाटली आधीच्या बाटलीपेक्षा मऊ होती. नफीसाआपा भर उन्हात रिक्षाने जाऊन पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आल्या. त्या लादीने तासभर काम भागले. नंतर पारा पुन्हा चढू लागला.

पुढे काय होणार, ते मला टप्प्याटप्प्याने ठाऊक होते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. प्रवाळ आपल्या ऊतींमध्ये राहणारे शैवाल बाहेर टाकतो. मग त्याचा रंग जातो. मी तापमापक हातात धरून हे सगळे क्रमाने घडताना पाहत होते. ज्या ज्ञानासाठी मी इतकी वर्षे दिली, त्याचा उपयोग पुढची पायरी ओळखण्यापलीकडे नव्हता. बाईंनी एकदाच विचारले, “काही करता येते का?” मी मान हलवली. त्यांना ती दिसली नाही, म्हणून मला “नाही” असे म्हणावे लागले.

संध्याकाळी वीज आली. तोवर ते प्रवाळ बटणांसारखे मिटले होते आणि पुन्हा उघडले नाहीत. काही दिवसांनी टाकीला उग्र वास येऊ लागला. दगड बाहेर काढताना बाईंनी विचारले, “समुद्राचा वास असाच येते का वो?” मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. 

विद्यापीठातून फॉर्मॅलिन आणू का, असे मी विचारले. निदान अवशेष टिकतील. बाई म्हणाल्या, “नको. एकदा ज्याले हालताना पाह्यलं, त्याले बरणीत नाही ठेवत.” तुळशीच्या कुंडीतली माती उकरून त्यांनी तो दगड पुरला. खारट दगडाने तुळस मरेल, हे मला सांगायचे होते. मी कुंडी धरून ठेवली.

पावसाळ्यानंतर त्यांच्या बहिणीचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. एकटीने गॅस पेटवणे आता धोक्याचे झाले होते. टाकी नफीसाआपांच्या बाल्कनीत गेली. त्यात त्यांनी पुदिना लावला. अकोला स्थानकावर गाडी यायला वेळ होता. बाईंनी पिशवीतून कॅलेंडरच्या पानाची गुंडाळी काढून माझ्या हातात उलगडून धरायला दिली आणि भाच्याकडे पेन मागितला. मी म्हटले, “बाई, राहू द्या.” त्यांनी बोटाने चाचपून कागदाचा उजवीकडचा खालचा कोपरा शोधला, नजर फलाटावरच्या घड्याळाकडे वळवली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, ‘पाहून’.

“पण मुख?”

“दिसलं नाही, म्हणून काढलं नाही. याच्याहून खरं काय पाह्यजे तुले?”

गाडी आली. भाच्याने त्यांना हात धरून चढवले. खिडकीतून त्या माझ्या डोक्यावरच्या पत्र्याच्या छपराकडे पाहत होत्या. मला आधी वाईट वाटले. मग कळले, की त्या मलाच पाहत आहेत.

ते पान आता माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलासमोर लावलेले आहे. येणारे-जाणारे पाहतात, जवळ येऊन बारकाईने पाहतात, आणि त्यातला कुणीतरी हटकून सांगतो की आकृतीत मुख दाखवायचे राहिले आहे. पेन्सिल माझ्या हाताशीच असते. मुख कुठे असते, ते मला अचूक माहीत आहे.