बंद घरांचे दिवे

काशीत राजा घाटामागच्या गल्लीत अमृतराव पेशव्यांच्या काळी आलेल्या मराठी मंडळींची घरं होती. १९९१ उजाडेपर्यंत त्यांतल्या चार घरांना कुलपं लागली. माणसं पुण्या-नागपूरला गेली, देव मात्र इथेच राहिले. प्रतिष्ठा केलेले देव हलवायचे कसे? मग किल्ल्या आल्या त्याच गल्लीत एकट्या राहणाऱ्या इरावतीबाईंकडे. रोज तिन्हीसांजेला त्या चारही घरांत दिवा लावायच्या आणि शेवटी घरी येऊन आपला. आधी दुसऱ्यांचे देव, मग आपले, हा सासूबाईंनी घालून दिलेला दंडक.

बाई तशा भित्र्याच. उंदीर पळाला तरी या खाटेवर चढून बसायच्या. पण खिडकीत दिवा दिसला की आत माणसं आहेत असं लोकांना वाटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रिकाम्या घरावर कब्जा व्हायला काशीत वेळ लागत नाही.

घात केला त्यांच्या खरेपणानं. जनगणनेचे मास्तर गल्लीत आले आणि कुठल्या घरात किती माणसं ते विचारू लागले. सरकारी कामात खोटं कसं बोलायचं? बाईंनी दारातूनच, कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की चारही घरं रिकामी आहेत आणि पाचव्यात मी एकटी. आता काय म्हणावं या बाईला!

त्यानंतर पानवाल्याकडे एक अनोळखी, धिप्पाड माणूस येऊन बसू लागला. तो नुसता गल्लीतल्या घरांकडे बघे. बाईंची झोप उडाली.

एका संध्याकाळी त्या नेहमीसारख्या आपल्या दाराला नुसती कडी लावून निघाल्या. चारांतल्या पहिल्या, वेणीमाधवांच्या घरापाशी पोचल्या तर खिडकीत आधीच दिवा. कुलूप तोडलेलं, दार उघडं होतं आणि आत खाटेवर तोच माणूस बसला होता. त्यानं उठून हात जोडले, तेव्हा तर बाईंना जास्तच भीती वाटली.

"अम्मा, यहाँ का दिया अब हम जला देंगे," तो म्हणाला. "आप काहे तकलीफ करती हैं?"

बाई वळल्या. बाकीच्या तीन घरांच्या देवांची मनातल्या मनात क्षमा मागत, जन्मात पहिल्यांदाच त्यांना तसेच अंधारात टाकून, त्या आपल्या घराकडे धावल्या.

त्यांच्या खिडकीत दिवा जळत होता. कडीत नवं कोरं कुलूप अडकवलेलं होतं.

बाई पायरीवर बसल्या. मग त्यांनी कमरेचा जुडगा काढला आणि एकही किल्ली लागणार नाही हे ठाऊक असूनही एकेक लावून पाहू लागल्या.